लात्व्हियन व्याकरण मराठी डोक्याने: अडलेल्या जागा इथे विचारा

अर्धाचहा

रीगाला, म्हणजे लात्व्हियाच्या राजधानीत, मास्टर्ससाठी आलेय. शिक्षण इंग्रजीत आहे पण सोबत लात्व्हियनचा बेसिक कोर्स लावलाय, कारण पुढे इथेच राहायचं झालं तर कायम निवासाच्या परवान्याला ए-टू लेव्हलची परीक्षा लागते आणि तसंही दुकानात नुसतं हसून किती दिवस भागवणार. तर मुद्दा असा की पुस्तक इंग्रजीतून, बाई समजावतात इंग्रजीतून, आणि इंग्रजीतून जे काही केल्या डोक्यात शिरत नाही ते मनातल्या मनात मराठीत आणलं की कधी कधी पटकन बसतं. कधी कधी मात्र मराठीमुळेच जास्त घोळ होतो. इथे बाल्टिक भागात राहणारे बरेच आयडी आहेत म्हणून धागा काढला.

आधी लिहिण्याची पद्धत सांगते. सगळं देवनागरीत लिहिते, अक्षराच्या डोक्यावर आडवी रेघ असलेला लांब स्वर दाखवायला ऽ टाकते. म्हणजे माऽया = घर. लांब ई-ऊ साठी आपले दीर्घच पुरेत.

सध्या अडलंय ते:

"मी पुस्तक वाचते" म्हणजे एस लासु ग्राऽमातु. इथे ग्राऽमाता या शब्दाचं कर्म म्हणून ग्राऽमातु झालं, ठीक. पण "मला पुस्तक वाचावं लागतं" म्हणजे मान इर याऽलासा ग्राऽमाता. आता इथे ते कर्म परत मूळ रूपात का गेलं? वाचणारी मीच, वाचलं जाणारं पुस्तकच, मग बदललं काय?

दुसरं म्हणजे भाऊ ब्राऽलिस, पण भावाचं म्हणजे ब्राऽल्या. महिना मेऽनेसिस, महिन्याचा मेऽनेशा. मधलं अक्षर का बदलतं?

आणि तिसरं, मला शेवटचा आ लांब की आखूड हे ऐकूच येत नाही. रीगा आणि रीगाऽ मला एकच वाटतं.

सरमिसळ

पहिल्याचं उत्तर तुम्ही रोज बोलता की. "मी पोळी खातो" यात क्रियापद माझ्यामागे जातं. "मला पोळी खावी लागते", "मला भात खावा लागतो" यात? खावी, खावा. क्रियापद पोळीच्या आणि भाताच्या मागे गेलं, माझ्याकडे ढुंकूनही बघत नाही. म्हणजे तुम्ही "मला" होऊन बाजूला बसलात आणि पोळी प्रथमेत येऊन मधोमध बसली. लात्व्हियनमध्ये डिट्टो. मान = मला, ग्राऽमाता = प्रथमा. याऽ हा उपसर्ग लावायचा, त्याच्यापुढे क्रियापदाचं "तो करतो" वालं रूप, संपलं. काळ बदलायचा तर फक्त मधला "इर" बदलतो: मान बिया याऽलासा (वाचावं लागलं), मान बूस याऽलासा (वाचावं लागेल). याऽलासाला हातसुद्धा लावायचा नाही. इंग्रजीतून शिकवताना "आय मस्ट" म्हणतात आणि तिथेच पोरं गारद होतात, कारण त्यात "आय" आलं.

दोन सूचना. एक, "वाचायचंय" शी जोडू नका, त्यात आपल्याकडे इच्छाही येते. लात्व्हियनचं हे रूप म्हणजे गरज किंवा सक्ती, "लागतं". दोन, मी-तू-आम्ही-तुम्ही ही सर्वनामं कर्म म्हणून आली की मात्र द्वितीयेतच राहतात: मान याऽगाइदा तेवि, मला तुझी वाट बघावी लागते. रस्त्यावर लोक सर्रास याऽलासा ग्राऽमातु पण म्हणतात, ऐकू आलं तर दचकू नका, परीक्षेत लिहू नका.

उत्तरध्रुव

+१. मला + प्रथमा हे सूत्र जिथे तिथे चालतं. मान पातीक काफिया, मला कॉफी आवडते. मान साऽप गाल्वा, डोकं दुखतंय (शब्दशः "मला डोकं दुखतं", कोकणात आमच्याकडे असंच म्हणणारे आहेत). वयसुद्धा "मला इतकी वर्षं आहेत". भाऊ बहिणी पण "मला आहेत", मान इर ब्राऽलिस. इंग्रजीवाले इथे "हॅव" शोधत बसतात, लात्व्हियनमध्ये त्या कामाला "हॅव" नाहीच.

पण एक खड्डा आहे. सुपरमार्केटात काउंटरवर दरवेळी विचारतात, माइसिन्यु वायाग? पिशवी हवी का. आता मराठी डोकं म्हणतं "मला पिशवी हवी", पिशवी प्रथमा, म्हणजे माइसिन्श असायला हवं. नाही! वायाग ला द्वितीया लागते, माइसिन्यु. प्रथमाच वापरायची हौस असेल तर वायाद्झीग्स हे विशेषण घ्या: मान वायाद्झीग्स माइसिन्श. आवडण्याला प्रथमा आणि हवं असण्याला द्वितीया. का, ते विचारू नका, पाठ करा.

टिवल्याबावल्या

मी लात्व्हियाला गेलेलो नाही, जाणार पण नाही, पण धागा वाचतोय. आपली संस्कृतशी नाळ आहे ना या भाषेची? दिएव्स म्हणजे देव, दिवि म्हणजे दोन, दूमि म्हणजे धूर, उगुन्स म्हणजे अग्नी असं वाचलेलं. मग आपल्याला सोपी जायला पाहिजे.

सरमिसळ

शब्द बरोबर आहेत सगळे. पण संस्कृत काही लात्व्हियनची आई नाही, दोघी एकाच इंडो-युरोपीय खानदानातल्या, लात्व्हियन बाल्टिक शाखेची. त्या शाखेत आता जिवंत भाषा दोनच उरल्यात, लात्व्हियन आणि लिथुआनियन. या चार शब्दांवर पहिल्या दिवशी पार्टीत भाव खाता येतो, दुसऱ्या दिवशी क्लासमध्ये त्यांचा काडीचा उपयोग नाही. त्यापेक्षा आजची बोलीभाषेतली मराठी जास्त कामाला येते, असं माझं स्पष्ट मत.

खडीसाखर

मी शाळेत मराठी शिकवायचे, आता निवृत्त. लात्व्हियनचं मला ओ की ठो कळत नाही पण अर्धाचहा यांचा दुसरा प्रश्न वाचून राहवलं नाही. अहो हे तर सामान्यरूप! विभक्तीचा प्रत्यय लागण्याआधी शब्दाचं अंग बदलतं ना आपल्याकडे. घोडा, घोड्याला. डबा, डब्यात. दिवा, दिव्याखाली. मध्ये हा "य" येतो. पण पैसा घ्या: पैस्याला नाही, पैशाला. मासा, माशाला. ससा, सशाला. "स" च्या पुढे "य" आला की दोघं मिळून "श" होतात. तुमचा तो महिना मेऽनेसिस मेऽनेशा म्हणजे स चा श झालेला दिसतोय. मग मला सांगा, त्यांच्या भाषेत प किंवा ब असेल तर काय होतं? आपल्याकडे ओठांच्या अक्षरांपुढे "य" तसाच ऐकू येतो, डब्या, दिव्या.

सरमिसळ

खडीसाखरताई, दंडवत. कपाट स्कापिस, कपाटाचं स्काप्या. हंस गुल्बिस, हंसाचं गुल्ब्या. ओठांच्या अक्षरांपुढे य तसाच! आणि बाकीच्यांत तो विरघळतो: ल चा ल्य (ब्राऽल्या), स चा श, त चाही श (लात्विएतिस, लात्विएशा). हा सगळा प्रकार -इस ने संपणाऱ्या पुल्लिंगी शब्दांचा, व्याकरणात त्यांना दुसरा गट म्हणतात. एकूण गट सहा, पण छळणारा हाच.

आणि अजून एक घ्या. अस्वल लाऽत्सिस, अस्वलाचं लाऽचा. त्स चा च.

खडीसाखर

अय्या! चमचा, चमच्याने. म्हणून बघा मोठ्याने. चमचा मधला दुसरा च दाताजवळचा, त्स सारखा, आणि चमच्याने मधला टाळूवरचा, चहातला. आपण लिहितो एकच अक्षर म्हणून लक्षात येत नाही, पण जिभेला माहीत आहे.

उत्तरध्रुव

हे फार भारी आहे. माझ्या वर्गात एक दिल्लीचा मुलगा होता, त्याला त्स आणि च वेगळं करायला जाम जड जायचं, द्झ आणि ज तर विचारूच नका. आपल्याला चांदणी-चंद्र, जागा-जीव मुळे चारही फुकटात मिळतात. त्यांच्या लिपीत त्याला वेगळी अक्षरं आहेत, डोक्यावर उलटी टोपी असेल तर टाळूवरचा, नसेल तर दातावरचा. मराठीत अशी टोपी असती तर परदेशी लोकांचं भलं झालं असतं.

अर्धाचहा

खडीसाखरताई, तुम्ही एका पोस्टमध्ये आख्खा चॅप्टर सोडवलात. आज वर्गात यादी समोर ठेवून सामान्यरूपासारखं म्हणून पाहिलं, धडाधड आलं. पण दोन शब्द बसले नाहीत. पाहुणा विएसिस, पाहुण्याचा विएसा. बाबा तेऽतिस, बाबांचा तेऽता. यांत काहीच बदललं नाही.

सरमिसळ

ते अपवाद. तेऽतिस, विएसिस, आणि -तिस, -दिस ने संपणारी, बोलताना दोनच तुकडे पडणारी माणसांची नावं, जसं गा-तिस, गातिसचं गाता. बदल नाही.

खडीसाखर

काका, मामा, दादा. घोड्याला म्हणतो पण काक्याला म्हणत नाही, काकाला म्हणतो. घरातल्या माणसांना आपणही मोडत नाही. (योगायोग असणार, पण लक्षात ठेवायला बरा.)

मीठभाकर

लिपाया या समुद्रकाठच्या गावात नोकरीला आहे, उशिरा आलो धाग्यावर. तिसऱ्या प्रश्नाला कुणी हात लावला नाही म्हणून लिहितो, कारण मराठी माणसाला खरी मार तिथेच बसते.

मराठीत शेवटच्या अक्षराची लांबी आपण ठरवतच नाही. शब्दाच्या शेवटचा इ-उ दीर्घ लिहायचा हा नियम, आणि आ तर आपल्याकडे एकच. म्हणजे शेवटी स्वर आला की तो किती ओढला याच्याशी अर्थाचा संबंध नाही, दमलो की आखूड, लाडात आलो की लांब. आणि लात्व्हियनने नेमकं तिथेच सगळं व्याकरण नेऊन ठेवलंय. रीगा = रीगा शहर, रीगाऽ = रीगात. माऽया = घर, माऽयाऽ = घरात. स्कुओला = शाळा, स्कुओलाऽ = शाळेत. आपला "त" त्यांच्याकडे नुसता स्वर ताणून होतो. त्यात आघात नेहमी पहिल्या अक्षरावर (लिवोनियन या फिनिश कुळातल्या शेजारणीचा परिणाम मानतात), त्यामुळे शेवटचा भाग तोंडातल्या तोंडात जातो आणि तरी लांब-आखूड राखायचं असतं. पाल्दिएस आणि लाब्दिएन मध्ये तेवढा आघात शेवटी, आणि नवीन माणूस नेमके हेच दोन शब्द आधी शिकतो.

उपाय म्हणून ट्राममध्ये कान द्या. प्रत्येक स्टॉपआधी टेप वाजते, नाऽकामाऽ पिएतुरा आणि पुढे स्टॉपचं नाव. "पुढचा थांबा." नाऽकामाऽ चा शेवटचा आ आणि पिएतुरा चा शेवटचा आ शेजारी शेजारी आहेत, एक लांब, एक आखूड. रोज येता-जाता ऐकलं की कान तयार होतो, वेगळा सराव करायला नको.

मधल्या अक्षरातही जपा. काऽझास म्हणजे लग्न, काझास म्हणजे शेळ्या. इथली मुलं मेसेजमध्ये रेघा देतच नाहीत, त्यांना संदर्भाने कळतं, आपल्याला लग्नाचं बोलावणं आहे की शेळ्यांचं ते कळायला वेळ लागतो.

अर्धाचहा

थांबा, नाऽकामाऽ मध्ये शेवटचा लांब का पण? ते तर "थांब्यात" नाहीये. विशेषण आहे ना?

मीठभाकर

बरोबर पकडलंत. विशेषणाचा लांब आ वेगळ्या कामाचा. याउना माऽया = नवं घर, कुठलं तरी. याउनाऽ माऽया = ते नवं घर, आपण बोलत होतो ते. पुल्लिंगात फरक मोठा असतो म्हणून सोपं, याउन्स आणि याउनाइस. स्त्रीलिंगात प्रथमेला फक्त लांबी. पुढचा थांबा एकच असतो, म्हणून ठरलेलं रूप. ऑपेरा हाउसपण नात्सिओनाऽलाऽ ओपेरा, कारण ते ठरलेलं एकच.

यात मराठी मदत करत नाही, आपल्याकडे विशेषणात हे नाहीच. मी साधा नियम धरतो: हा, तो, माझा, तुझा, त्याचा यातलं काही आधी आलं की डोळे मिटून ठरलेलं रूप. मान्स याउनाइस तेलेफोन्स. बाकी ठिकाणी इंग्रजीतला "द" बसतो का बघतो. इथे इंग्रजीचा आधार घ्यायला लाज कसली.

उत्तरध्रुव

घरावरून आठवलं. माऽयाऽ म्हणजे घरात, पण "मी घरी आहे" ला माऽयाऽस म्हणतात, एस एस्मु माऽयाऽस. आणि "मी घरी जातो" ला पण तेच, एस एयु माऽयाऽस. सगळे परदेशी विचारतात हे अनेकवचन का, आणि जातोय तरी "मध्ये" का. मी म्हणतो, घरी आणि घरात. आपण पण "घरी आहे" आणि "घरी जातो" दोन्हीला घरीच म्हणतो, आणि पाणी गळतंय सांगताना घरात. बस एवढाच फरक.

टिवल्याबावल्या

जाणार नाही म्हणालो होतो पण आता मजा येतेय. माझ्या नावाचं काय होईल तिकडे?

सरमिसळ

शेवटी स लागेल. लात्व्हियनमध्ये पुल्लिंगी नावाला प्रथमेत शेपूट लागतंच, नाहीतर विभक्ती चालवणार कशी. अमित चा अमित्स, रोहन चा रोहान्स. हाक मारताना ते स परत गळतं, संबोधन वेगळं आहे. बायकांची आ-कारांत नावं सुखी, स्नेहा ला काही होत नाही. पेपरात, पुस्तकात शेक्सपिअरचा विल्यम्स शेक्स्पीर्स होतो, आणि देशाच्या नागरिकांच्या पासपोर्टावर पण लात्व्हियन पद्धतीनेच नाव छापतात. जर्मन नवऱ्याचं आडनाव लावलेल्या एका बाईंनी यावरून थेट युरोपीय मानवाधिकार न्यायालय गाठलं होतं, 2004 मध्ये कोर्टाने लात्व्हियाच्या बाजूने सांगितलं. बोलणारे जेमतेम 15 लाखांच्या आसपास, त्यामुळे भाषेच्या बाबतीत ही मंडळी अजिबात मागे हटत नाहीत, आणि मला ते पटतं.

मीठभाकर

आता माझं आवडतं प्रकरण. "म्हणे"! क्रियापदाला -उओत लावलं की "म्हणे" होतं. विन्श इर स्लिम्स = तो आजारी आहे. विन्श एसुओत स्लिम्स = तो आजारी आहे म्हणे. रीत लीशुओत = उद्या पाऊस पडेल म्हणे. इंग्रजी पुस्तकात या क्रियारूपावर पान-दीड पान "वक्ता माहितीची जबाबदारी स्वीकारत नाही" वगैरे, आणि आपल्या आजीने हे म्हणे लावून आख्ख्या गल्लीच्या बातम्या सांगितलेल्या असतात. बातमीदार पण वापरतात, मंत्र्याने असं सांगितलं, खरं-खोटं तो जाणे. फक्त एक लक्षात ठेवा, हेच रूप "करताना" या अर्थानेही येतं. स्त्राऽदाऽयुओत = काम करताना, किंवा काम करतो म्हणे. वाक्यात दुसरं मुख्य क्रियापद आहे का बघायचं. असेल तर बहुतेक "करताना".

अर्धाचहा

हे आमच्या कोर्समध्ये अजून आलंच नाहीये, आणि मला आज कळलं. उद्या बाईंसमोर टाकते.

अजून एक विचारते. काल शेजारच्या आजींच्या दारात त्यांच्या मुलाबद्दल विचारलं, त्या म्हणाल्या विन्या नाउ माऽयाऽस. आता विन्या म्हणजे "ती". मी मुलाबद्दल विचारत होते, सुनेबद्दल नाही.

सरमिसळ

मुलगाच घरी नाही. विन्या = ती, बरोबर. पण विन्श (तो) चं षष्ठीचं रूपही विन्याच, "त्याचा". आणि नसण्याला लात्व्हियनमध्ये षष्ठी लागते. वेळ आहे, मान इर लाइक्स. वेळ नाही, मान नाउ लाइका. पैसे नाहीत, मान नाउ नाउदास. वडील घरी नाहीत, तॅऽवा नाउ माऽयाऽस. तसंच विन्या नाउ माऽयाऽस, "तो घरी नाही". तेच वाक्य "ती घरी नाही" असंही होतं, संदर्भच मदतीला. मराठीत नाही आलं तरी वेळ तो वेळच राहतो म्हणून आपण विसरतो. मात्र "हे टेबल नाही" असं ओळखीचं वाक्य असेल तर षष्ठी नाही, तास नाउ गाल्द्स. नसणं आणि अमुक नसणं, यात फरक करा.

उत्तरध्रुव

अवांतर: या विन्या मुळे घरं मोडतील. विन्श मील सावु सिएवु, तो आपल्या बायकोवर प्रेम करतो. विन्श मील विन्या सिएवु, तो त्याच्या बायकोवर प्रेम करतो, म्हणजे दुसऱ्या कुणाच्या तरी. आपला "आपला" म्हणजे त्यांचं साव्स. इंग्रजीच्या सवयीने "त्याच्या" म्हणायला जाल तर बदनामी.

खडीसाखर

:) मराठीत पण हल्ली मुलं "तो त्याच्या बायकोबरोबर आला" असं बोलतात, मी अजूनही वहीत लाल करते.

अर्धाचहा

एक शेवटचं, मग पुढच्या आठवड्यात क्रियापदांचे उपसर्ग घेऊन येते. शब्दयोगी अव्ययं! म्हणजे त्यांच्याकडे ती नामाच्या आधी येतात. कुणाला षष्ठी, कुणाला द्वितीया, उझ ला तर दोन्ही: उझ गाल्दा टेबलावर, उझ रीगु रीगाकडे. तक्ता करून भिंतीवर लावू का?

मीठभाकर

एकवचनाचा लावा, लहानसाच होईल. अनेकवचनात सगळ्यांना चतुर्थी, एकजात. पिए द्राउगा मित्राकडे, पिए द्राउगिएम मित्रांकडे. आर द्राउगु मित्राबरोबर, आर द्राउगिएम मित्रांबरोबर. उझ चं पण अनेकवचनात भांडण मिटतं. अडलात तर वाक्य अनेकवचनात टाका आणि -इएम नाहीतर स्त्रीलिंगाला -आऽम, -एऽम लावून मोकळे व्हा, मी अजूनही फोनवर तेच करतो.

फक्त देऽल्य या पठ्ठ्याला सांभाळा. तो आपल्या "मुळे" सारखा नामाच्या मागे येतो, लिएतुस देऽल्य, पावसामुळे, आणि अनेकवचनातही षष्ठीच मागतो. मुलांमुळे म्हणजे बॅऽर्नु देऽल्य. बॅऽर्निएम म्हणालात की गुण गेला.